झोंबी मरत नाहीत, त्याला कारण अंधार

जळगाव-धुळ्याच्या मॉलमधला गेम झोन असो नाहीतर यात्रेतला तंबू, झोंबी मारायच्या मशीनसमोर एक वाक्य हमखास कानावर येतं: "बंदूकच खराब शे भो!" मशीनवाल्याचं उत्तरही ठरलेलं असतं, "दादा, नेम कच्चा आहे तुमचा." या भांडणात आमचं मत खेळणाऱ्याच्या बाजूने आहे. पैसे घेऊन चालवायच्या मशीनची बंदूक रोज तपासणं हे मालकाचं काम. ज्या दिवशी ते जमणार नाही त्या दिवशी सरळ 'बंद'ची पाटी लावावी.

आता बिघडतं कुठे ते बघू. या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. नळीत एक भिंग आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो, म्हणजे बंदूक फक्त बघते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ रेखत वरून खाली येतो. झोत नेमक्या त्या जागेवरून गेला की सेन्सरला झटका मिळतो, आणि मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्या क्षणाची वेळ मोजून 'गोळी इथे लागली' असं ठरवतो. आपल्याकडच्या पाल (PAL) प्रसारण पद्धतीच्या टीव्हीत एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, त्यातला दिसणारा भाग साधारण ५२. म्हणजे २९ इंची पडद्यावर एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तर नेम सुमारे एक सेंटिमीटर सरकतो. झोंबीचं डोकं पडद्यावर कितीसं असतं? तेवढ्यात गोळी कानाजवळून निघून जाते.

भुताखेतांच्या गेमची खरी गोची इथेच आहे. घाबरवायला अंधार लागतो आणि बंदुकीला उजेड. काळ्याकुट्ट तळघरावर बंदूक धरली तर सेन्सरला दिसणार काय? म्हणून अशा कितीतरी गेममध्ये चाप ओढताच पडदा क्षणभर पांढरा होतो. लोकांना तो बारुदाचा चकचकाट वाटतो, प्रत्यक्षात ती सेन्सरची सोय असते. काही मालक 'अजून भीतीदायक दिसावं' म्हणून ब्राइटनेस पार उतरवून ठेवतात. ट्यूब आधीच म्हातारी झालेली असली तर मग तो पांढरा पडदाही राखाडी दिसतो आणि सेन्सरपर्यंत काही पोचत नाही.

याचं लक्षण ओळखायला सोपं आहे. सेगाच्या 'द हाऊस ऑफ द डेड'मध्ये सहा गोळ्या मिळतात आणि पडद्याबाहेर चाप ओढला की बंदूक पुन्हा भरते. 'पडद्याबाहेर' कसं कळतं? उजेड दिसला नाही की बाहेर, एवढंच बहुतेक जुन्या बंदुकांचं गणित. त्यामुळे झोंबीच्या छातीवर नेम धरून चाप ओढला आणि गोळी लागायच्या ऐवजी रिलोड झालं, तर समजा बंदूक आंधळी झाली आहे. गोळी लागते पण बाजूला लागते, तर कॅलिब्रेशन, म्हणजे नेम आणि पडद्याची जुळणी, गेलं आहे. मधेच चाप ओढूनही काहीच होत नाही, तर मायक्रोस्विच (चापामागचं छोटं बटण) किंवा केबल. ही तीन दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. तिन्हींवर 'बंदूक आपटून बघ' हा इलाज करणाऱ्याला मशीनजवळ उभं राहू देऊ नये.

आंधळेपणाचा पहिला उपाय फुकटातला आहे. नळीच्या तोंडाशी टॉर्च मारून भिंग बघा. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, त्यात खेळणाऱ्यांच्या हाताला वेफर्सचं तेल. दोन्ही मिळून भिंगावर खरपुडी धरते. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा, मग कोरड्या काडीने. थिनर वापरू नका, प्लॅस्टिकचं भिंग कायमचं पांढुरकं होतं. पुसूनही फरक नसेल तर कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा आणि मग ब्राइटनेस, तोही काळा रंग करडा व्हायच्या आत थांबून.

यानंतर कॅलिब्रेशन. कॉइनच्या दाराआड टेस्ट बटण असतं, ते दाबलं की मेनू येतो. त्यात बंदुकीच्या सेटिंगला जाऊन पडद्यावर दाखवलेल्या निशाण्यांवर नेम धरून चाप ओढायचा, दोन्ही बंदुकांसाठी वेगवेगळा. शेवटी चारही कोपरे तपासून, सेव्ह करूनच बाहेर पडायचं. काम दहा मिनिटांचं, पण दोन ठिकाणी माती खातात. एक, मशीन चालू करताच कॅलिब्रेट करतात. ट्यूब तापेपर्यंत चित्र किंचित हलतं, म्हणून अर्धा तास जाऊ द्या. दुसरं, मेकॅनिक पडद्याला नाक लावून कॅलिब्रेट करतो आणि गिऱ्हाईक चार फुटांवर उभं राहतं. जिथून खेळतात तिथूनच नेम धरा.

एवढं करूनही संध्याकाळी नेम सरकला तर आधी वीज बघा. व्होल्टेज पडलं की जुन्या मॉनिटरचं चित्र आकसतं आणि सकाळी केलेली मापं खोटी ठरतात. स्टॅबिलायझर हवाच. बोर्डाला ५ व्होल्ट मिळतात का हे मल्टिमीटरने बघताना बंदुकीच्या टोकालाही मोजा. लांब आणि झिजलेल्या केबलमध्ये तिथपर्यंत ४.७५ च्या खाली आलं की वेडेवाकडे प्रकार सुरू होतात. केबल तुटते ती बहुतेक मुठीच्या तोंडाशीच, कारण पोरं बंदूक केबलला धरून फिरवतात. तिथलं दोन इंच कापून नव्याने सोल्डर करा, वर स्प्रिंग किंवा रबरी बूट चढवा. मॉनिटरच्या मागे मात्र हात घालू नका. मशीन बंद असलं तरी ट्यूबवर हजारो व्होल्ट साठून राहतात, ते काम जाणत्या टीव्ही मेकॅनिकचं.

नवीन एलसीडी मशीनवाले म्हणतील, आमच्याकडे हे काही नाही. खरं आहे, तिथे झोत नसतो म्हणून पद्धतच वेगळी: पडद्याभोवती इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) एलईडी आणि बंदुकीत कॅमेरा. पण त्याचीही दुखणी आहेत. यात्रेत तंबूवर हॅलोजन लावतात, आणि हॅलोजन इन्फ्रारेड भरभरून सोडतो. बंदुकीला तोही एक एलईडीच वाटतो आणि नेम सैरभैर होतो. दुपारचं ऊन कनातीच्या फटीतून पडद्यावर आलं तरी तेच. साधे एलईडी दिवे लावा, ऊन अडवा. पडद्याभोवतीचे एलईडी पेटतात का हे डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बहुधा जांभळट ठिपके दिसतात. एखादी पट्टी अंधारी दिसली तर त्या बाजूचा नेम जाणारच.

हंगामाचंही बघावं लागतं. अमळनेरची यात्रा वैशाखात, बोरीच्या पात्रात; पारा ४५ च्या आसपास आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांचं) आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना ठोकताळा. मागची जाळी कापडाने झाकणाऱ्यांनी तो भिंतीवर लिहून ठेवावा. सारंगखेड्याचं उलट: मार्गशीर्षातली थंडी, तापीचा काठ, रात्री दंव. बंदूक बाहेर लटकत राहिली तर सकाळी भिंगावर बाष्प असतं. ती रात्री पेटीत ठेवा, सकाळी मऊ कोरड्या कापडाने पुसा.

खेळणाऱ्यांनीही एक गोष्ट करावी. टोकन टाकल्यावर पहिल्या मिनिटातच पडद्याच्या कोपऱ्यातल्या पिंपावर, काचेवर दोन-चार गोळ्या झाडून बघा. गोळी दुसरीकडे लागत असेल तर तिथेच थांबून टोकन परत मागा. पूर्ण खेळून, बॉसच्या (टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूच्या) हातून मरून मग भांडलात तर कुणी ऐकणार नाही. बाकी बॉससमोर नुसता चाप बडवून काही होत नाही. 'हाऊस ऑफ द डेड'मध्ये तो येण्याआधी पडद्यावर त्याची माहिती येते, त्यात कमजोर जागा दाखवलेली असते. 'हाऊस ऑफ द डेड २'च्या पहिल्याच बॉसमध्ये बिनमुंडक्याच्या चिलखतवाल्यावर गोळ्या फुकट जातात, मारायचा असतो तो वर उडणारा छोटा.

घरी खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुनी बंदूक एलसीडी टीव्हीला लावू नका, चालणार नाही. भंगारातून पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणणार असाल तर १०० हर्ट्झवाला (सेकंदाला १०० वेळा चित्र रेखणारा) टाळा, त्यावरही या बंदुका गोंधळतात. एलसीडीवरच खेळायचं तर पडद्याची पांढरी चौकट ओळखणारी सिंडेन किंवा चार इन्फ्रारेड बिंदूंवर चालणारी गन-फॉर-आयआर असे पर्याय आहेत.

आणि सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांनो, रंगरंगोटी आणि बाहेरची कवटी बघून भाव ठरवू नका. अर्धा तास चालू ठेवायला सांगा, टेस्ट मेनूत दोन्ही बंदुका चारही कोपऱ्यांना फिरवा. निशाण थरथरत असेल तर केबल मुठीपाशी हलवून बघा. हलवल्यावर थरथर बदलली तर खर्च किरकोळ. काहीच फरक पडला नाही तर सेन्सर, बोर्ड नाहीतर ट्यूबचं दुखणं आहे असं धरून मगच भाव बोला.