‘न्यूट्रलला टाकून बघा’ या सल्ल्यात काय चुकतं

हायवेवर शंभरच्या आसपास गाडी थरथरायला लागली की काय करायचं, याचा एक मेसेज बराच फिरतोय. थोडक्यात असा: बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या. तरी थरथर राहिली तर चालत्या गाडीत न्यूट्रल टाका. थांबली तर दोष इंजिनचा, नाही थांबली तर टायरचा. स्टिअरिंग हललं तर पुढचे टायर, सीट हलली तर मागचे. आणि वेग वाढवल्यावर थरथर गेली तर काळजी नको. या सल्ल्यापायी लोक धडधाकट टायर बदलतात आणि खरा बिघाड तसाच घेऊन फिरतात. मला ते फार खटकतं, म्हणून एकेक मुद्दा पाहू.

अलाइनमेंट आधीच बाजूला ठेवू. टो किंवा कॅम्बर, म्हणजे चाकांचे हे कोन, बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतो. थरथर त्या कोनांमुळे येत नाही. वेडावाकडा झिजलेला टायर पुढे थरथर करू शकतो, पण तेव्हा अलाइनमेंट करून काय उपयोग? झीज टायरवर राहतेच.

बॅलन्सिंगवर पहिला संशय घेणं मात्र योग्यच. 16 इंची रिमच्या कडेला 20 ग्रॅमचा फरक असला तर 100 च्या वेगाला तो चाकाला साधारण 3 किलो वजनाइतक्या जोराने ओढतो. वेग निम्मा केला की जोर चौथा हिस्सा उरतो, म्हणून शहरात तीच गाडी शांत वाटते. पण बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक हवेत फिरतं, गाडीचं वजन त्यावर नसतं. किंचित वाकलेली रिम शिशाची वजनं लावून मशीनवर शून्य दाखवते आणि रस्त्यावर तरी उडत राहते. चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये गंज असेल, किंवा बाहेरून घेतलेल्या अलॉय रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल, तर मशीनवरचा शून्य गाडीवर टिकत नाही. जॅकवर चाक उचला, रिमच्या कडेजवळ स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्थिर धरा आणि चाक हाताने हळू फिरवा. कड आणि टोक यांच्यातली फट मिलिमीटरभराहून जास्त कमी-अधिक होत असेल तर आधी रिम बघा. आणि त्याहीआधी रिमच्या आत सुकलेला चिखल खरवडून काढा. तेवढ्यानेही थरथर जाऊ शकते.

आता न्यूट्रल. न्यूट्रलमध्ये इंजिन चाकांपासून सुटतं, पण ड्राइव्ह शाफ्ट (चाकांना फिरवणारे दांडे) चाकांबरोबर फिरतच राहतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल (मागच्या चाकांमधली गिअरपेटी) आणि प्रोपेलर शाफ्टही (तिच्यापर्यंत येणारा गाडीखालचा लांब दांडा) फिरत असतात. म्हणजे थरथर चालू राहिली तर संशयितांत टायर, रिम, हब, शाफ्ट, क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा वळणारा सांधा), सेंटर बेअरिंग (त्या शाफ्टला मध्ये आधार देणारं) सगळे उरतात. उलट थरथर थांबली तरी इंजिन दोषी ठरत नाही, कारण न्यूट्रल टाकताच शाफ्टवरचा लोडही जातो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आतला सीव्ही जॉइंट (ड्राइव्ह शाफ्टचा वळणारा सांधा) झिजला की नेमकं हेच होतं: रेस दिली की गाडी डगडगते, पाय उचलला की शांत. अशा गाडीचं इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) बदलून काही हाती लागत नाही, ते खरोखरच खचलेलं नसेल तर.

म्हणून न्यूट्रलच्या जोडीला आणखी दोन गोष्टी करा. त्याच वेगाला एक गिअर खाली घ्या. आरपीएम बदलूनही थरथर तशीच राहिली, तर ती चाकांबरोबर फिरणाऱ्या कशाची तरी आहे. मग उभ्या गाडीत तेच आरपीएम गाठा. तिथे थरथर आली तर इंजिन, क्लच, माउंटिंग यांच्याकडे वळा. हे सगळं सरळ, मोकळ्या रस्त्यावरच, आणि चालत्या गाडीत चावी कधीही बंद करायची नाही: स्टिअरिंग जड होतं, लॉकही होऊ शकतं, ब्रेकची मदत संपते.

थरथरीचा ठेकाही बरंच सांगतो. चाकाचा घेर 2 मीटर धरला तर 100 च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे 14 फेरे मारतं. डिफरन्शियलचा रेशो 4 असेल (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार) तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी 56 फेरे मारतो, आणि क्रॉसच्या कोनामुळे येणारा झटका प्रत्येक फेऱ्यात दोनदा बसतो. चाकाची थरथर हाताला धक्क्यांसारखी लागते. शाफ्टची पायाखालच्या पत्र्यात गुणगुणते. गुणगुण असेल तर टायरचं दुकान गाठू नका.

स्टिअरिंग-सीटचा नियम अंदाजापुरता ठीक आहे. पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत सीटखाली मागच्या टायरबरोबर प्रोपेलर शाफ्टही असतो, हे मेसेज विसरतो. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर आधी ब्रेकची डिस्क तपासा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात धोकादायक. 100 ला येणारी थरथर 120 ला जाते, कारण चाक-सस्पेन्शनचा स्वतःचा झुलण्याचा ठेका मागे पडतो. असंतुलनाचा जोर मात्र वाढलेलाच असतो, आणि तो बेअरिंग-बुश खात राहतो. दोष क्रॉसचा असेल तर तो तुटून शाफ्ट खाली पडू शकतो. चाकांना ओट (दगड किंवा ठोकळे) लावा, गिअर न्यूट्रल ठेवा, क्रॉसच्या दोन्ही बाजूंना शाफ्ट धरून उलटसुलट पिळा. खटखट लागली, किंवा क्रॉसच्या टोकांवरच्या कपांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर क्रॉस कोरडा पडून झिजलाय. बदलताना शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर (बोल्टने जोडलेली चकती) आणि स्प्लाइनवर (शाफ्टचा खाचांचा सरकता जोड) खुणा करून घ्यायला सांगा. स्प्लाइन खाच चुकवून बसवली की दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत, आणि नवा क्रॉस घालूनही थरथर येते.