अडीच हजार खरे, बाकीचे तपासून घ्या

दिव्यांगांच्या आणि त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश सारखा फिरतो आहे. गटागटानुसार शब्द थोडे बदलतात, पण गाभा एकच असतो: "केंद्र सरकारने सर्व दिव्यांगांना दरमहा २५०० रुपये पेन्शन सुरू केली आहे. ४० टक्क्यांचे यूडीआयडी कार्ड असले की पुरे, पेन्शन आपोआप लागू होते. उत्पन्नाची अट काढली आहे. दोन अपंगत्वे असतील तर टक्के जोडले जातात आणि ८० च्या वर गेल्यास जास्त रक्कम मिळते. लाडकी बहीणही सोबत चालू राहते. एकदा मंजूर झाले की आयुष्यभर चिंता नाही, आणि पैसे आले नाहीत तर समजा की कार्यालयाने नाव कापले. हा आपला कायदेशीर हक्क आहे, पुढे पाठवा."

तालुक्याच्या गावी लोकांचे अर्ज भरून देण्यात माझे बरेच दिवस जातात, आणि हा संदेश मोबाईलवर उघडून "मग आमचे का होत नाही?" असे विचारणारा माणूस आठवड्यातून एखादा तरी भेटतोच. संदेश सपशेल खोटा असता तर काम सोपे झाले असते. त्यातला २५०० हा आकडा महाराष्ट्रापुरता खरा आहे, आणि तेवढ्या एका खऱ्या आकड्याच्या आधारावर उरलेली चुकीची वाक्ये लोकांच्या गळी उतरतात.

पहिलेच वाक्य घेऊ. अडीच हजार रुपये केंद्र सरकार देत नाही. केंद्राची योजना वेगळी असून तिचे नाव इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना असे आहे. ती २००९ मध्ये सुरू झाली आणि राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमाचा एक भाग आहे. तिच्यासाठी वय १८ ते ७९ असावे लागते, कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असावे लागते आणि अपंगत्व ४० नव्हे तर ८० टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. एवढे सगळे जुळल्यावर केंद्राकडून मिळतात महिन्याला ३०० रुपये, आणि हा दर २०१२ पासून तसाच आहे. महाराष्ट्रात मिळणारी रक्कम प्रामुख्याने राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून येते. १९८० पासून चालत आलेल्या या योजनेला गावाकडे कुणी पेन्शन म्हणत नाही. "निराधारचा पगार" असेच म्हणतात, आणि कार्यालयात चौकशी करतानाही हाच शब्द वापरला तर योग्य टेबल लवकर सापडते. २०१९ मध्ये या योजनेचे अनुदान १००० रुपये झाले, जुलै २०२३ पासून १५०० झाले, आणि सप्टेंबर २०२५ मधील मंत्रिमंडळाच्या निर्णयानंतर ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २५०० करण्यात आले. केंद्राच्या यादीत असलेल्या माणसालाही त्या ३०० वर वेगळे अडीच हजार मिळत नाहीत. ते ३०० एकूण रकमेत धरलेले असतात आणि उरलेला भाग राज्य घालते.

पैसे कोणाचे आहेत याने काय फरक पडतो, असे कुणी म्हणेल. फरक पडतो, कारण योजना राज्याची असल्यामुळे अटीही राज्याच्या आहेत. अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. बेळगावातून किंवा वापीहून लग्न होऊन आलेल्या दिव्यांग सुनेचा अर्ज नेमका याच अटीपाशी अडखळू शकतो, आणि केंद्राच्या नावाने फिरणारा संदेश वाचून आलेल्या तिच्या घरच्यांना आपल्यावर अन्याय झाला असे वाटते. गोव्यातील मराठी वाचकांसाठीही हा आकडा नाही. तेथे दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे आणि तिचे नियम गोवा सरकारचे आहेत. लष्करातील अपंगत्व निवृत्तीवेतन, किंवा भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतून कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मिळणारी पेन्शन, ही तर आणखी वेगळी प्रकरणे होत. ती नोकरीशी बांधलेली असतात आणि त्यांचा तहसील कार्यालयाशी संबंध येत नाही.

"कार्ड असले की पेन्शन आपोआप" हे दुसरे विधान मला सर्वांत नुकसानकारक वाटते, कारण त्यावर विश्वास ठेवून लोक अर्जच करत नाहीत. यूडीआयडी कार्ड हे अपंगत्वाची ओळख आणि टक्केवारी सांगणारे कार्ड आहे. ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास त्यावर पांढरा पट्टा, ४० पासून ८० च्या आतपर्यंत पिवळा आणि ८० किंवा त्याहून अधिक असल्यास निळा असतो. सरकारी रुग्णालयातील तपासणीनंतर ते मिळते आणि त्या क्षणी तहसील कार्यालयाला आपल्याविषयी काहीही कळत नाही. निराधारच्या अनुदानासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, त्याला वयाचा, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा पुरावा जोडावा लागतो, अर्जाची छाननी होते आणि मग तो तालुक्याच्या समितीपुढे मंजुरीसाठी जातो. समितीची बैठक लांबली की यादीही लांबते. कार्ड लॅमिनेट करून कपाटात ठेवणारे आणि "अजून काही आले नाही" म्हणून वर्षभर वाट पाहणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची चूक एवढीच की त्यांनी संदेश खरा मानला.

उत्पन्नाची अट काढलेली नाही. सर्वसाधारण लाभार्थ्यांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे आणि दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. "अट काढली" हा समज बहुधा या सवलतीतून आणि लाडकी बहीण योजनेच्या अडीच लाखांच्या मर्यादेशी झालेल्या गोंधळातून निर्माण झाला असावा. पण ५०,००० म्हणजे किती, हे कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील रोजगार हमीचा मजुरी दर दिवसाला ३१२ रुपये ठरवला होता. त्या दराने घरातील एका माणसाने वर्षात १६० दिवस काम केले तर ४९,९२० रुपये होतात, आणि १६१ व्या दिवशी ते घर दिव्यांग सदस्यासाठी "सधन" ठरते. माझ्या मते ही मर्यादा आज कोणत्याही हिशेबात बसत नाही आणि ती वाढवण्याची मागणी रास्त आहे. मात्र अट जाचक आहे असे म्हणणे आणि अट नाहीच असे सांगणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्याने निवेदन लिहिले जाते, तर दुसऱ्यामुळे माणूस उत्पन्नाचा दाखला न काढताच खिडकीवर जातो आणि दिवसाची मजुरी बुडवून परत येतो.

आता टक्क्यांचे गणित. येथे दोन चुका एकमेकींत गुंतल्या आहेत. दोन प्रकारची अपंगत्वे असणाऱ्याचे टक्के सरळ जोडले जात नाहीत. मोठी टक्केवारी आधी धरतात, आणि दुसऱ्या अपंगत्वाचा वाटा माणसाच्या पूर्ण क्षमतेवर न मोजता पहिल्यानंतर उरलेल्या क्षमतेवर मोजतात. त्यामुळे ३० आणि २० मिळून ५० होत नाहीत, ४३-४४ च्या घरात येतात. ५० आणि ४० मिळून ९० होत नाहीत, सत्तरीच्या पलीकडे जात नाहीत. पहिल्या उदाहरणातील माणसाला सुदैवाने ४० चा उंबरठा ओलांडता येतो. दुसऱ्या उदाहरणातील माणूस मात्र स्वतःला नव्वद टक्क्यांचा समजत असतो आणि निळ्या पट्ट्याऐवजी पिवळा आल्यावर डॉक्टरांनी टक्के खाल्ले असा आरोप करतो. डॉक्टर चुकत नाहीत असे माझे म्हणणे नाही. मूल्यांकन मान्य नसेल तर अपील करण्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात आहेच, पण ते अपील बेरजेच्या चुकीच्या समजुतीवर उभे राहू नये.

दुसरी चूक अशी की ८० च्या वर गेल्यास जास्त रक्कम मिळते असे मानले जाते. या समजुतीला जुना आधार आहे. २०१८ मध्ये राज्याने ४० टक्क्यांवरील दिव्यांगांसाठी ८०० आणि ८० टक्क्यांवरील दिव्यांगांसाठी १००० असे दोन दर जाहीर केले होते, ते अनेकांच्या लक्षात राहिले. २०१९ मध्ये सर्वांना १००० झाल्यावर तो भेद संपला. आज ४२ टक्क्यांच्या माणसाला जे मिळते तेच ९२ टक्क्यांच्या माणसाला मिळते. ते न्याय्य आहे का, हा प्रश्न मलाही पडतो, कारण अंथरुणावरून न उठणाऱ्या मुलाच्या आईचा खर्च आणि एका पायाने थोडे लंगडणाऱ्या दुकानदाराचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही. पण नियम आज असाच आहे.

लाडकी बहीणविषयीचे वाक्य थोडक्यात निकालात काढता येते. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून दरमहा १५०० किंवा त्याहून अधिक रक्कम घेणारी महिला त्या योजनेत अपात्र ठरते, असे त्या योजनेच्या निर्णयातच लिहिलेले आहे. जिला दिव्यांग म्हणून अडीच हजार मिळू शकतात तिने पंधराशेच्या मागे लागण्यात अर्थ नाही. याउलट एका गोष्टीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. संजय गांधी योजनेत विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण अशा अनेक गटांतील लोक येतात, आणि ऑक्टोबर २०२५ ची वाढ दिव्यांगांपुरती आहे. जी बाई दिव्यांगही आहे आणि विधवाही आहे, पण जिची नोंद पूर्वी "विधवा" म्हणून झाली, तिने आपली नोंद कोणत्या गटात आहे हे एकदा विचारून घ्यावे. तो फरक महिन्याला हजार रुपयांचा आहे.

"एकदा मंजूर झाले की आयुष्यभर" हेही खरे नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अपंगत्वाचे प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावर मुदत छापलेली असते आणि ती संपण्याआधी फेरतपासणीसाठी जावे लागते. प्रमाणपत्र घरी आणल्यावर पहिल्यांदा ती तारीख पाहावी, टक्के नंतर पाहिले तरी चालतात. शिवाय संजय गांधी योजनेचे वय ६५ पर्यंत आहे, त्यानंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना लागू होते. वाढीव रक्कम तेथील दिव्यांगांनाही आहे, पण योजना बदलताना कागद नीट नसतील तर एखाद-दोन हप्ते अडकतात.

"पैसे आले नाहीत म्हणजे नाव कापले" या वाक्याबद्दल मला एक प्रसंग सांगायचा आहे. आमच्या ओळखीचे एक शिंपी आहेत, लहानपणी पोलिओ झाल्यामुळे एका पायात कॅलिपर घालून चालतात. त्यांच्या पासबुकात पाच महिने एकही नोंद नव्हती. तोवर पैसे नेहमी त्याच खात्यात येत आले होते, त्यामुळे नाव कापले याविषयी त्यांना शंकाच उरली नव्हती आणि तक्रारीचा कागद खिशात घेऊन ते माझ्याकडे आले. तहसीलमध्ये विचारले तर यादीत नाव होते आणि रक्कम गेलेली दिसत होती. झाले होते ते असे की डिसेंबर २०२४ पासून राज्याने हे अनुदान थेट लाभ हस्तांतरणाने द्यायला सुरुवात केली. या पद्धतीत पैसे अर्जावर लिहिलेल्या खाते क्रमांकाकडे न जाता आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि एका आधारला एका वेळी एकच खाते असे जोडलेले असते. सर्वांत शेवटी ज्या बँकेत आपण त्यासाठी संमती दिली तेच ते खाते. या गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी गॅसच्या अनुदानासाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडले होते, त्याचे पासबुक शिवणयंत्राच्या खणात बॉबिनच्या डब्याखाली पडले होते. त्यात एंट्री मारून आणल्यावर पाचही महिन्यांचे हप्ते ओळीने छापून आले.

म्हणून पैसे न आल्यास आधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहावी. तेथे कोणत्या बँकेत खाते जोडलेले आहे ते दिसते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे हे जोडणे झाले असे होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज भरून द्यावा लागतो. नाव खरोखरच कमी होते तेव्हा त्याला कारण असते, हयातीचा दाखला नसणे हे त्यांतले एक, आणि ते कारण लेखी मागावे. निधीच उशिरा आल्यामुळे संपूर्ण तालुक्याचे पैसे थकण्याचे प्रकारही घडतात. तेव्हा शेजारच्या दोन लाभार्थ्यांना विचारले तरी उलगडा होतो.

राहता राहिला हक्काचा मुद्दा. येथे संदेश लिहिणाऱ्याने दिशा बरोबर पकडली आहे, पण बोट भलतीकडे दाखवले आहे. २०१६ च्या अधिनियमाचे कलम २४ असे सांगते की दिव्यांगांसाठीच्या सहाय्याची रक्कम इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असावी. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. तरीही जुलै २०२३ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत महाराष्ट्रात निराधारांना १५०० आणि दिव्यांगांनाही १५०० च मिळत होते. २५ टक्क्यांच्या हिशेबाने ते १८७५ असायला हवे होते. आज २५०० झाल्याने राज्याच्या बाजूने ती तूट भरून निघाली आहे. केंद्राच्या बाजूने मात्र विधवा निवृत्तीवेतन ३०० रुपये आहे आणि दिव्यांग निवृत्तीवेतनही ३०० च आहे. ज्या केंद्र सरकारच्या नावाने हा संदेश अडीच हजारांची घोषणा करतो, त्याच्याकडून या कलमानुसार मागायची रक्कम माझ्या मते सध्या ३७५ रुपये आहे.