११२ लावायला कमिटीची परवानगी?

परवा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: 'बाहेरच्या यंत्रणेला फोन करण्याआधी कमिटीला कळवावे. सोसायटीचे नाव खराब होते.' खाली अंगठ्यांची रांग.

बाहेरची यंत्रणा म्हणजे १०८ पण आलं का? रात्री दोनला कुणाच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तर आधी सेक्रेटरींना उठवायचं?

अर्थात, रोख कुठे आहे ते सगळ्यांना कळलंय. आमच्याकडे एका भाड्याच्या घरात मारहाण चालली होती. त्या बाईने ११२ लावला, पोलिसांची गाडी गेटात आली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चर्चा मारणाऱ्याची नव्हती, गाडी कुणी बोलावली याची होती. मग फ्लॅटमालकाला फोन गेला, 'तुमच्या भाडेकरूंचं बघा जरा.'

हे 'बघा जरा' फार सोयीचं आहे. मालक सभासदाला काढायचं तर सहकार कायद्याचं कलम ३५ आहे: सभेत तीन चतुर्थांश मतं, वर निबंधकांची मंजुरी. भाडेकरूला काढावंच लागत नाही. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स संपतं, रिन्यू होत नाही, बस्स. कारण कुठेच लिहिलेलं नसतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १७ बाईला सामायिक घरात राहायचा हक्क देतं खरं, पण तो नवऱ्यापुढे, सासरच्यांपुढे. लायसन्सच संपलं तर घरमालकापुढे त्याचा काय उपयोग?

अमेरिकेत हे राजरोस नियम करून चालायचं. वारंवार पोलीस आले की ते घर 'उपद्रवी', आणि भाडेकरूला काढा म्हणून मालकावर दबाव. फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाऊनमध्ये २०१२ साली एका बाईवर जीवघेणा हल्ला झाला. घर जाईल या धास्तीने तिने स्वतः फोन केलाच नाही, शेजाऱ्यांनी केला. तरी नगर प्रशासन तिलाच बाहेर काढायला निघालं. कोर्टात दावा झाला आणि २०१४ मध्ये तो नियम गेला. २०२२ मध्ये तर घरातून मदत मागायचा हक्क तिथल्या केंद्रीय कायद्यातच आला.

आपल्याकडे असा लेखी नियम नाही, म्हणून तो रद्द करून घ्यायची सोयही नाही.

उगाच फोन करणारे असतात, मान्य. वरच्यांच्या मिक्सरवरून पोलिसांना बोलावणारे एक काका आमच्याकडेही आहेत. ते सभासद आहेत, त्यांच्यासाठी कधी मेसेज निघाला नाही. खोटी माहिती देणाऱ्याचं काय करायचं ते पोलीस बघतील, त्यांच्याकडे कलमं आहेत.

आणि शेजाऱ्यांनो, त्याच २००५ च्या कायद्याचं कलम ४ वाचा. सद्हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) खबर देणाऱ्यावर ना दिवाणी जबाबदारी येते, ना फौजदारी.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना नियमावलीत, एक ओळ हवी: आपत्कालीन फोन केला म्हणून कुणाला दंड, नोटीस किंवा घर सोडायचा दबाव नाही. ती येईल तेव्हा येईल. तोवर येत्या सर्वसाधारण सभेत हा मेसेज मागे घ्यायचा ठराव मी मांडतोय. सूचक मी, अनुमोदक हवाय. आपल्याच बिल्डिंगमधलं कुणी वाचत असेल तर अंगठा नको, नाव द्या.