जुनं रिव्हॉल्व्हर चकाकत असेल तर घेऊ नका

महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला एका तरुण मित्राने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, मलाही जुनी रिव्हॉल्व्हरं जमवायची आहेत. पहिलं कुठलं घेऊ?" हातात जेवणाचं ताट होतं, मागे पोरांचा दंगा चालला होता. तिथे नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि बारा वर्षं हा छंद जपतोय.

माझं पहिलं रिव्हॉल्व्हर मी एका गन शोमध्ये घेतलं. स्मिथ अँड वेसनचं, दुसऱ्या महायुद्धातलं 'व्हिक्टरी मॉडेल'. विकणारा म्हणाला, कालच डब्यातून काढल्यासारखं आहे. आणि होतंही तसंच, आरशासारखं काळंनिळं. त्या रात्री कोल्हापूरला बाबांना फोटो पाठवले. बाबांची उभी हयात उद्यमनगरात लेथवर गेली, बंदुकीशी कधी संबंध आला नाही. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "अरे, बफ मारलाय की ह्याला, चाकावर घासून चकाकवलंय. अक्षरं बघ, कडा बसल्यात. स्क्रूची भोकं बघ, बशीगत झाल्यात."

बाबांचा शब्दन् शब्द खरा होता. व्हिक्टरी मॉडेल मुळात चकाकतच नव्हतं. युद्धाच्या घाईत पॉलिशला वेळ कुणाला होता? बहुतेकांवर मंद, राखाडी-काळा थर असायचा, मूठ साध्या गुळगुळीत अक्रोडाच्या लाकडाची आणि मुठीच्या तळाला दोरी अडकवायची कडी. कुणीतरी तो थर घासून टाकून वर नवं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा काळानिळा रासायनिक थर, चढवलं होतं. त्याबरोबर कारखान्यातल्या हत्यारांच्या खुणा गेल्या, तपासनिसाचे छाप पुसट झाले. खरचटलेलं, झिजलेलं पण मूळ अंगाचं रिव्हॉल्व्हर अशा नव्या कोऱ्या दिसणाऱ्यापेक्षा कितीतरी मोलाचं. पैशाच्या हिशेबानेही तसंच आहे, पण मला पैशापेक्षा त्या खुणा गेल्याचं दुःख जास्त.

तेव्हापासून मी आधी घोडा (हॅमर) आणि चाप (ट्रिगर) बघतो. जुन्या स्मिथ अँड वेसनवर हे दोन भाग ब्लू केलेले नसायचे. त्यांना उष्णतेने कठीण करताना पोलादावर तपकिरी-निळसर ढग उमटत. घोडा आणि चाप बाकीच्या अंगासारखेच काळे दिसले की समजायचं, कुणीतरी हात फिरवलाय. मग उजव्या बाजूची, आतली यंत्रणा झाकणारी झाकणपट्टी. कारखान्यात ती इतकी चपखल बसवलेली असे की सांधा शोधावा लागतो. बफ मारला की सांधा उघडा पडतो.

नंतर नंबर. सिलिंडर उघडून काडतुसांची सगळी घरं रिकामी आहेत ना हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, दुकानदाराने तुमच्यासमोर तपासलं असलं तरी. व्हिक्टरीचा नंबर मुठीच्या तळाशी असतो, सुरुवातीला 'व्ही' अक्षर. तोच नंबर सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या सपाट भागावर हवा. उजव्या मुठीच्या आतल्या बाजूला, लाकडावर तो सापडला तर मला अजूनही मनापासून आनंद होतो. ऐंशी वर्षं ते लाकूड त्याच लोखंडाला धरून राहिलेलं असतं! फक्त मूठ काढताना खाली काही घालून उचकटू नका. बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, स्क्रू तीन-चार आटे सैल करा आणि त्याच्याच डोक्यावर अंगठ्याने दाबा. पलीकडची फळी आपसूक सुटते.

तर पहिलं कुठलं? माझं उत्तर व्हिक्टरी मॉडेलच. लाखोंनी बनलं, म्हणून मिळतं, आणि एकाच जातीची दहा हाताळली की डोळा तयार होतो. १८७३ सालच्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. त्यात घोडदळाचे खोटे छाप मारून फसवणारे पुष्कळ. व्हिक्टरीतही एक गोम आहे. ब्रिटनला पाठवलेल्यांची नळी बहुधा ५ इंची, आणि त्यांचं काडतूस अमेरिकन .३८ स्पेशलपेक्षा आखूड पण किंचित जाड. युद्धानंतर विक्रेत्यांनी अनेकांची घरं पुढे कोरून .३८ स्पेशल बसेल अशी केली. अशात झाडलेलं काडतूस फुगतं, कधी फाटतं. ब्रिटिश छापाच्या व्हिक्टरीत .३८ स्पेशलची रिकामी पुंगळी पूर्ण आत गेली तर ते कोरलेलं आहे, तिथेच ठेवून पुढे चला.

काहींवर 'व्ही'च्या आधी 'एस' दिसेल. १९४४च्या अखेरीस एका जहाजाच्या डेकवर असं रिव्हॉल्व्हर पडलं, गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कारखान्याने घोड्याला अडवणारा नवा भाग बसवला आणि त्याची खूण म्हणून ते अक्षर जोडलं. माझ्याकडचं 'एसव्ही' दर वेळी हातात घेताना तो खलाशी आठवतो.

आता कायदा. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असाल तर थांबा. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची बंदी आहे, अपवाद थोडे आहेत आणि छंदासाठी त्यातून वाट काढू नये. ग्रीन कार्ड येईपर्यंत पुस्तकं वाचा, स्प्रिंगफिल्ड आर्मरी किंवा वायोमिंगमधल्या कोडी गावचं बंदुकांचं संग्रहालय बघा. त्यानंतर ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या हत्यारांसाठी संग्राहकाचं लायसन्स मिळतं, ३ वर्षांना ३० डॉलर. प्रत्येक खरेदी-विक्री वहीत नोंदवावी लागते. १८९८ किंवा त्याआधीचं हत्यार फेडरल कायद्यात अँटिक धरतात, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे, ते आधी वाचा. आणि "भारतात भावाला दाखवायला घेऊन जाऊ का?" असं विचारणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नाही.

घरी आणल्यावर चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पोलाद गंजतं. तेलाचा पुसट हात किंवा संग्रहालयांत वापरतात ते मेण पुरे. कुलूपबंद तिजोरी पहिल्या रिव्हॉल्व्हरच्याही आधी घ्या, घरात मुलं असोत वा नसोत.

ते बफ मारलेलं व्हिक्टरी मी विकलं नाही. बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. पिकनिकवाल्या मित्राला शनिवारी घरी बोलावलंय. आधी तेच त्याच्या हातात देणार आणि विचारणार, अक्षरांच्या कडा कशा वाटतात ते सांग.