निर्वंशाचा वंशज

वाईट शेवट एक वेळ सोसवतो, आळशी शेवट मात्र सोसवत नाही. वाऱ्यालाही मागे टाकणाऱ्या बॅरी अ‍ॅलनची ‘द फ्लॅश’ ही अमेरिकन मालिका ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि नऊ पर्वे व १८४ भाग खर्ची घालून २४ मे २०२३ रोजी संपली. आमच्या मालवण तालुक्यात हा मुहूर्त आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, घाईचा असतो. मिरग तोंडावर आलेला, खळ्यात कोकमाची सोलं वाळत घातलेली, आणि वाऱ्याची जरा मोठी झुळूक आली की वीज जाणार व तिच्या पाठोपाठ रेंज जाणार हे ठरलेले. रेंज फक्त फणसाखाली मिळत असल्यामुळे मी मोबाइल पिशवीत घालून फांदीला टांगला आणि त्याच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडला. परिणामी जगातला सर्वांत वेगवान माणूस एक पाय अधांतरी ठेवून, डोक्यावर फिरणारे पांढरे चक्र थांबण्याची वाट पाहत बराच वेळ उभा राहिला.

शेजारचे तात्या सोलांवर लक्ष ठेवण्याच्या निमित्ताने बाकड्यावर येऊन बसले. तात्या निवृत्त तलाठी आहेत. सारा जन्म सातबारा आणि फेरफार यांत गेल्यामुळे कोणतीही गोष्ट ऐकताना ते आधी वारस कोण ते पाहतात, आणि इथे तर मालिकेचे मूळ दुखणेच वारसाचे होते. पहिल्या पर्वाच्या शेवटी, २०१५ मध्ये, एडी थॉन नावाचा सज्जन पोलीस स्वतःवर गोळी झाडून घेतो. कारण भविष्यातून आलेला खलनायक इओबार्ड थॉन हा त्याचा वंशज असतो, आणि पूर्वजच मेला की वंशज जन्मालाच येणार नाही असा साधा हिशेब असतो. हिशेब चोख होता, त्यागही डोळ्यांत पाणी आणणारा होता. पुढे मात्र तो न जन्मलेला वंशज जवळजवळ प्रत्येक पर्वात पाहुण्यासारखा येत राहिला आणि शेवटच्या काही भागांत तर खुद्द एडीच उठून आला.

“अरे झिला, ह्यो मेल्लो मां?” तात्यांनी विचारले.

मेला होता, पण एका निळ्या स्फटिकाने त्याला जिवंत केले आणि बॅरीचा वैरी बनवले, असे मी सांगितले.

“आणि ह्यो निर्वंशी मेलो, तर मगे ह्येचो वंशज खंयसून इलो? वंशावळ कोणी करून दिल्यान?”

मी ‘स्पीड फोर्स’ म्हणालो, म्हणजे बॅरीला वेग देणारी ती गूढ शक्ती. या मालिकेत ज्या प्रश्नाला उत्तर नसते त्याला हेच उत्तर असते, त्यामुळे लेखकांची मोठीच सोय झालेली आहे.

त्यानंतर एडीने मदतीला इओबार्ड, झूम, सॅविटार आणि गॉडस्पीड असे बॅरीचे चार जुने शत्रू बोलावले. झूम आणि सॅविटार यांना हरवायला बॅरीला एकेक आख्खे पर्व, म्हणजे तेवीस-तेवीस भाग लागले होते; त्या काळात माणसे मेली, घरे मोडली, आणि आम्ही प्रेक्षकांनी झोपेचे खोबरे करून घेतले. इथे बॅरी एडीशी झुंजत असताना त्याच्या सहकाऱ्यांनी ही चौकडी हातासरशी निकालात काढली. मग बॅरीने एडीला दोन समजुतीच्या गोष्टी सांगितल्या आणि एवढे वैर धरून बसलेला तो गृहस्थ चक्क ऐकला. तात्या या ठिकाणी मनापासून हसले. त्यांच्या सबंध नोकरीत बांधावरच्या एका काजूच्या झाडाचा वाद असा मिटलेला त्यांनी पाहिलेला नाही.

वास्तविक आम्ही दशावतार पाहून मोठे झालेली माणसे, आणि अद्भुताचे आम्हाला वावडे नाही. हल्ली तर जत्रेच्या फलकावर ‘ट्रिकसीनयुक्त’ असे ठळक अक्षरांत छापून येते. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट रंगमंचावरच जुळवत जातात. तरीही हिरण्यकशिपूला मिळालेला वर कोणी नट विसरत नाही. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, ही अट एकदा ठरली की नरसिंहाला संध्याकाळ गाठून उंबऱ्यावरच बसावे लागते. समजा नरसिंहाने भरदुपारी अंगणात हिरण्यकशिपूची समजूत घातली असती आणि तो ‘बरे, राहिले’ म्हणून आत गेला असता, तर पहाटेपर्यंत थंडीत कुडकुडत बसलेल्या प्रेक्षकांनी पेटीवाल्यालाही सोडले नसते. कागदावर एक अक्षर नसताना जे पाळले जाते, ते पगारी लेखकांचा ताफा बसवूनही का पाळता येऊ नये, हे मला समजत नाही.

शेवटी बॅरीला मुलगी झाली आणि त्याने आपल्या शक्तीचा वाटा तीन जणांना परस्पर देऊन टाकला. मला वाटले, आता तरी तात्या उठतील. पण ते सरसावून बसले. बायको ओली बाळंतीण, वारस नुकताच जन्मलेला आणि हा इसम बक्षीसपत्र करतो, तेही साक्षीदारांशिवाय! मुळात अंगावर वीज पडून मिळालेली शक्ती स्वकष्टार्जित धरायची की वडिलोपार्जित, या मुद्द्याचा त्यांनी जो खल केला, त्याला मालिकेने शेवटी त्या चारही शत्रूंना मिळून दिला नसेल एवढा वेळ लागला, आणि तेवढ्यात सोलांवर कोंबड्या आल्या.