डीबीव्हर नवख्यांच्या हाती द्यावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकं सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल आभार. डीबीव्हर या डेटाबेस बघण्या-हाताळण्याच्या सॉफ्टवेअरवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप थोडक्यात असे: माऊसने डेटाबेस चाळायची सवय लागली की माणूस एसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा) शिकत नाही, नवख्याच्या हातून प्रॉडक्शनचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरातला, डेटा उडू शकतो, तुमच्या एका विद्यार्थ्याने टेबलात २०० च ओळी आहेत असं धरून अहवाल दिला, सॉफ्टवेअर जड आहे, आणि पूर्ण फुकटही नाही.

डेटा उडण्याचा मुद्दा सगळ्यात गंभीर, म्हणून आधी तोच. नवख्यांनी काळ्या पडद्यावर पीएसक्यूएल हे पोस्टग्रेस डेटाबेसचं कमांड लाइन साधनच वापरावं, असं तुम्ही म्हणता. पण ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक बदल लगेच कायम होणं, तिथेही मुळातच चालू असतं. 'व्हेअर' (कुठल्या ओळी ते सांगणारी अट) न लिहिता 'डिलीट' चालवलं की टेबल रिकामं. कुणी विचारत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या कमांड लाइनला अशा आज्ञा अडवणारा 'सेफ-अपडेट्स' हा पर्याय आहे, पण तो आपणच आठवणीने चालू करायचा. डीबीव्हर अशा क्वेरीआधी (आज्ञेआधी) थांबून विचारतं. कनेक्शनचा प्रकार 'प्रॉडक्शन' निवडलात तर ऑटोकमिट बंद होतं आणि रंग लालसर होतो, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते डोळ्यांना कळतं. तुम्ही न लिहिलेला एक धोका मात्र इथेच सुरू होतो. एखाद्याने अपडेट चालवलं आणि कमिट न करताच (बदल कायम न करताच) तो जेवायला उठला, तर ट्रान्झॅक्शन (अजून कायम न झालेलं काम) उघडं राहतं, तोवर त्या ओळींवरचं लॉक सुटत नाही आणि बाकीच्यांची कामं अडकतात. म्हणून नवख्याला मी कमिट आणि रोलबॅकची (बदल मागे घेण्याची) बटणं आधी दाखवतो, क्वेरी नंतर.

तरीही खरी राखण डेटाबेसनेच करायला हवी. फक्त वाचण्याचा अधिकार असलेला वेगळा युजर काढून द्या. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १४ पासून त्यासाठी 'पीजी_रीड_ऑल_डेटा' हा तयार रोल आहे. मग साधन कुठलंही असो, नवख्याच्या हातून काही पुसलं जाणार नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड अख्ख्या टीमला वाटायचा आणि काही बिघडलं की साधनाच्या माथी मारायचं, याचा मला मनापासून राग येतो.

२०० ओळींचं म्हणाल तर डीबीव्हर आधी तेवढ्याच आणतं, खाली सरकत गेलं की पुढच्या. कोटभर ओळींचं टेबल चुकून उघडलं तरी लॅपटॉप गुदमरत नाही, ते यामुळेच. एकूण किती ते 'सिलेक्ट काउंट'ने विचारायचं, आणि हे पहिल्याच तासाला सांगायला हवं.

एसक्यूएल शिकत नाही, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. कागदोपत्री काहीच माहिती नसलेला जुना डेटाबेस समोर आला की माणूस काय लिहिणार? आधी काय आहे ते दिसायला हवं. डीबीव्हर फॉरेन कीवरून (एका टेबलाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या जाहीर दुव्यावरून) टेबलांच्या नात्यांची आकृती काढतं. कधी त्या आकृतीत सगळी टेबलं सुटी दिसतात, एकही रेघ नाही. म्हणजे बांधणाऱ्याने की जाहीरच केलेल्या नाहीत. मग कुठला कॉलम कुठे जुळतो ते शोधत जॉइन (टेबलं जोडणाऱ्या क्वेरी) लिहावेच लागतात. तिथे शिकणं खऱ्या अर्थाने सुरू होतं. सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड लाइनवर, शिरून काम करायचं असेल तर पीएसक्यूएलला तोड नाही, आणि ते प्रत्येकाला यायलाच हवं.

जड आहे, हे खरं. जावा ही भाषा आणि एक्लिप्स या सॉफ्टवेअर-पायावर उभं असल्याने कमी रॅमच्या मशीनवर ते रेंगाळतं. नुसती एसक्यूलाइटची (एकाच फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची) फाइल बघायची असेल तर डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट घ्या. ते हलकं आहे आणि 'राइट चेंजेस' दाबेपर्यंत बदल फाइलमध्ये कायम करत नाही.

फुकट किती? कम्युनिटी आवृत्ती अपाची २.० परवान्याखाली खुली आहे. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर हे सगळे तीत चालतात. मोंगोडीबीसारख्या नोएसक्यूएल (टेबलांच्या चौकटीत न बसणाऱ्या) डेटाबेससाठी पैशांची आवृत्ती लागते. तुमची अडचण तेवढीच असेल तर मोंगोडीबीचं स्वतःचं कंपास हे साधन वापरा, त्याला पैसे पडत नाहीत.