महाराज असते तर...

काल बडोद्याच्या मराठी मंडळींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच मेसेज फिरत आला. सयाजीराव महाराज असते तर बडोद्यात पूर आलाच नसता. खाली वीस-बावीस जणांचे हात जोडलेले. माझाही अंगठा हात जोडायला निघाला होता, सवयच लागलीय आपल्याला, पण मग अशी काही चिडचिड झाली की म्हटलं आज लिहूनच टाकू. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही समा भागात राहतो, तळमजला. 2024 ची जन्माष्टमी 26 ऑगस्टला होती, दिवसभर पाऊस थांबायचं नाव नाही, तरी संध्याकाळी मी सुंठवडा केला, पाळणा म्हटला. रात्री उशिरा वरच्या मजल्यावरच्या भाभी दार बडवायला लागल्या, बेन, उपर चालो, पाणी आवे छे. सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं, आणि त्या जिन्यात ओरडतायत, अगं गॅस बंद केलास का. तीन दिवस वर. लाइट नाही, फोन डेड, खाली अंधारात आमचं फ्रिज भिंतीला धडकत होतं तो आवाज अजून कानात आहे. इथल्या काळाघोड्याजवळ विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट, तेव्हा पाणी 35 च्या वर गेलं होतं. अकोटा स्टेडियमजवळ छतावर बसलेल्या मगरीचा व्हिडिओ तुम्हा सगळ्यांना मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी पाठवला असेलच, मला सात जणांनी पाठवला.

पण मला मगर नाही आठवत, मला गहू आठवतात. आपल्याकडे वर्षाचे गहू एप्रिल-मेमध्ये भरायची पद्धत, एरंडेल लावून, उन्हात वाळवून. पाणी उतरल्यावर खाली आले तर कोठीचं झाकण उडून पलंगाखाली गेलेलं आणि गहू फुगून बाहेर सांडलेले, आंबूस वास, मधूनमधून चक्क कोंब. चार महिने पुरतील एवढे तरी होते. फावड्याने भरून बाहेर टाकले. सोफा गेला, इनव्हर्टर गेला, लग्नाचा अल्बम गेला, तेव्हा रडले नाही, गहू टाकताना रडले. पंचनाम्याच्या फॉर्मात गव्हाला कॉलम नव्हता.

मग बोटीतून एक नेते आले. नाव नाही घेत, घेऊन काय होणार. हात हलवला आणि म्हणाले, कुदरत सामे कोण शुं करी शके. निसर्गापुढे कोणाचं काय चालतं!

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे की हे वाक्य साफ खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे त्यांना माहीत आहे. हवा एक डिग्रीने तापली की साधारण 7 टक्के जास्त वाफ धरून ठेवते, म्हणजे कोसळते तेव्हा जास्त कोसळते. हे काल-परवा कळलेलं नाही. त्या आठवड्यात आपल्याला बुडवून जी पावसाची सिस्टीम पुढे सौराष्ट्र-कच्छकडे सरकली, तिचंच 30 ऑगस्टला ‘असना’ वादळ झालं. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ, हे 1976 नंतर पहिल्यांदा. आणि 2024 हे सगळ्या जगाचं आत्तापर्यंतचं सगळ्यात तापलेलं वर्ष ठरलं, उद्योगधंदे सुरू व्हायच्या आधीपेक्षा दीड डिग्रीच्या वर. पॅरिसमध्ये 2015 ला ज्या दीड डिग्रीच्या आत राहायचा प्रयत्न करू असं सगळ्या देशांनी कबूल केलं तीच रेघ. एका वर्षानं करार मोडला असं होत नाही, सरासरी लांब मुदतीची बघतात, पण रेघेला पाय तर लागलाच ना.

इथे आमच्या सोसायटीत दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते क्लायमेट चेंज, दुसरी म्हणते कसलं क्लायमेट न् काय, कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीत नेणाऱ्या जुन्या वाटा, त्या बुजवल्या म्हणून पाणी भरलं. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस, आमच्या सासऱ्यांना या सगळ्या पाठ होत्या, कुठून निघते, कुठे मिळते. आत्ताच्या पोरांना कांस म्हणजे गटार वाटतं. पावागढाकडून येणारी नदी आणि तिची कोतरं, म्हणजे घळी, पाणी पोटात घ्यायची, तिथे भराव टाकला, वर बिल्डिंगा उभ्या राहिल्या. दोन्ही पार्ट्या बरोबर आहेत हो, भांडता कशाला. पाऊस वाढणार हे माहीत असताना पाण्याची जागा कमी करत न्यायची आणि त्या प्रत्येक भरावाच्या कागदावर कोणाची तरी सही असते. सही करायला कुदरत येत नाही.

आता महाराज. त्यांनी शहराच्या पाण्यासाठी बांधलेला आजवा तलाव 1892 मध्ये झाला, तेव्हा शहर जेमतेम लाख-सव्वा लाखाचं. आज इतकं वाढलेलं शहर अजून त्यातलं पाणी पितं, मान्य, हात जोडलेच पाहिजेत. पण जुलै 1927 मध्ये गुजरातभर महापूर आला त्यात बडोदंही बुडालं होतं, आणि तेव्हा गादीवर महाराजच होते! ग्रुपवर हे टाकलं तर एका काकांनी मला “इतिहास वाचा” असं लिहिलं. काका, वाचूनच लिहिलंय. महाराजांना मत द्यायला लागत नव्हतं, आपल्याला लागतं, आणि आपण काय करतो, मत देताना जात बघतो, नातं बघतो, गल्लीत पेव्हर ब्लॉक कोणी बसवले ते बघतो, आणि पाणी घरात आलं की थेट 1892 मध्ये जाऊन बसतो.

आणि ते कापडी पिशवीचं प्रकरण. शाळा पोरांना ‘पृथ्वी वाचवा’ची पोस्टरं काढायला लावतात, आपण नळ बंद करतो, बाल्कनीत तुळस लावतो. करा, मी पण करते. पण माझ्या पिशवीनं विश्वामित्रीचं पाणी इंचभर खाली जाणार नाही. आमचं घर तर उभंच कोयलीच्या रिफायनरीच्या पगारावर आहे, सासरे 1965 ला ती सुरू झाली त्या सुमाराला लागले, नवरा पण तिथूनच रिटायर झाला, त्यामुळे तेलाला शिव्या देण्याचा मोठा आव मी नाही आणणार. पण म्हणूनच कळतं की हे एकेकट्यानं सुटणारं नाही. कोणता कारखाना कधी कशावर चालणार, तिथल्या माणसांना पुढे कुठलं काम, हे विधानसभेत आणि दिल्लीत ठरतं, माझ्या स्वयंपाकघरात नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. गुजरातनं 2009 मध्येच क्लायमेट चेंजचं वेगळं खातं काढलं, देशात पहिलं. अहमदाबादला 2010 च्या मे महिन्यात उन्हानं माणसं पटापट गेली, मग 2013 मध्ये तिथे हीट ॲक्शन प्लॅन आला, आधीच इशारे, दवाखान्यांना ट्रेनिंग, पाण्याची सोय, आणि तो मग बाकीच्या शहरांनी उचलला. विश्वामित्रीबद्दल तर राष्ट्रीय हरित लवादानं 2021 मध्येच सांगितलं होतं की नदीची हद्द आखा, अतिक्रमणं काढा. मग पूर आला, लोकांनी नेत्यांना गल्लीत अडवून तोंडावर विचारलं, आणि 2025 च्या पावसाळ्याआधी जेसीबी लागले, नदी खोल-रुंद करायचं काम झालं. चांगलं झालं, कौतुक आहे. पण काही महिन्यांत जे होऊ शकलं ते आधी का नाही झालं? कारण आधी नेत्यांना तोंडावर कोणी विचारलं नव्हतं. आमचे गहू कुजल्यावर विचारलं.

आणि नेट झिरो 2070, म्हणजे तोवर जेवढा धूर सोडू तेवढा शोषूनही घेऊ! भारतानं ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2021 मध्ये जाहीर केलं, श्रीमंत देशांनी जास्त धूर केलाय, त्यांनी आधी थांबावं आणि पैसे द्यावेत हेही शंभर टक्के खरं, बाकूच्या परिषदेत 2024 ला विकसनशील देशांनी वर्षाला 1.3 ट्रिलियन डॉलर मागितले आणि 300 अब्ज कबूल झाले, तेही 2035 पर्यंत. म्हणजे भाजीवालीशी घासाघीस करावी तसं. पण त्यांनी नाही दिलं म्हणून आपली कांस आपण बुजवायची का?

असो. आमच्या सोसायटीपुरतं आम्ही काहीतरी ठरवलंय. बडोद्यात 19 वॉर्ड, प्रत्येकात चार नगरसेवक. यापुढे जे कोणी मतं मागायला दारात येतील, कुठल्याही पक्षाचे, त्यांना चहा द्यायचा आणि एक कागद द्यायचा. आपल्या वॉर्डातून कुठली कांस जाते, तिची हद्द आखली का, गेल्या पाच वर्षांत तिच्यावर किती परवानग्या दिल्या, पूर येण्याआधी किती तास सांगणार, आणि तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना न्यायला कोण येणार. सही करून उत्तर द्या, तारीख घाला. आमदार-खासदारांसाठी वेगळा कागद आहे, त्यात कोयलीचा प्रश्न मी घुसवलाय, नवरा जरा गप्प झालाय पण सही करेल.

रविवारी सकाळी दहाला आमच्या पार्किंगमध्ये बसणार आहोत. जवळपासच्यांनी या, चष्मा आणा, कांसांच्या नकाशाची अक्षरं फार बारीक आलीत. आणि कागद गुजरातीत मी लिहिलाय, चाळीस वर्षं इथे राहूनही माझं जोडणीचं, म्हणजे शुद्धलेखनाचं, काही खरं नाही, कोणीतरी आधी नजर टाकून द्या.